रिकामा म्हटला गेलेला चाको : लेकीस पत्र

फिलादेल्फिया, बोकेरोन प्रांत, पॅराग्वे

चि. रेवा हिस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा मिळाला. जगातल्या विरळ वस्तीच्या प्रदेशांमधून तू पॅराग्वेचा चाको निवडलास याचा मला मनापासून आनंद आहे, आणि मी इथे भूजलाच्या कामावर आहे एवढ्याच कारणाने तू तो निवडला असशील, तरी त्यात गैर काही नाही. मसुद्यातले आकडे तू नीट मांडले आहेस. पॅराग्वे नदीच्या पश्चिमेला देशाची साठ टक्के भूमी, म्हणजे सुमारे २ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर पसरलेली आहे आणि देशाच्या लोकसंख्येपैकी जेमतेम तीन-साडेतीन टक्के माणसे तिच्यावर राहतात. महाराष्ट्राच्या चार-पंचमांश एवढा हा विस्तार आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे मोजली गेली. इथल्या प्रेसिदेन्ते हायेस, बोकेरोन आणि आल्तो पाराग्वाय या तीन प्रांतांची सरासरी काढली, तर दर चौरस किलोमीटरला एक माणूसही भरत नाही.

माझा मतभेद आहे तो तुझ्या एकाच वाक्याशी. ‘पाण्याच्या अभावामुळे चाको हा प्रदेश आजवर रिकामा राहिला,’ असे तू लिहिले आहेस. या वाक्यात दोन विधाने आहेत, आणि तुझा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा राहणार असल्यामुळे दोन्हींची तपासणी आत्ताच झालेली बरी. पाण्याचा अभाव म्हणजे नेमके काय, आणि रिकामा म्हणजे कोणाच्या दृष्टीने, या दोन प्रश्नांवर मी या पत्रात सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, पण सावकाश वाच.

आधी जमीन पाहू. चाकोची भूमी अँडीज पर्वताच्या झिजेतून तयार झालेली आहे. बोलिव्हियाच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नद्यांनी लक्षावधी वर्षे वाळू, पोयटा आणि चिकणमाती आणून इथे पसरली, वाऱ्याने तिच्यावर बारीक मातीचे थर चढवले, आणि त्यातून असे मैदान बनले की पश्चिमेकडून पूर्वेकडे शेकडो किलोमीटर प्रवास केला तरी उतार डोळ्यांना जाणवत नाही. मध्य चाकोत दगड सापडत नाही. आयुष्यभर बेसॉल्टच्या भेगांमधले पाणी शोधलेल्या माझ्यासारख्या माणसाला सुरुवातीला हे चमत्कारिक वाटले, कारण इथे विहीर खणताना कातळ लागतच नाही आणि रस्त्याला लागणारी खडी दुरून आणावी लागते. मात्र दर्यापूरचा रहिवासी म्हणून हीच जमीन मला ओळखीची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टाही खोल गाळाचाच आहे. तिथेही पाणी पायांखाली असते, फक्त ते पिण्याजोगे नसते.

चाकोतही तेच आहे. इथल्या बहुतेक भागात काही मीटर खणले की पाणी लागते आणि ते खारे किंवा मचूळ निघते. पश्चिमेला, बोलिव्हियाच्या बाजूला, इरेंदा नावाच्या खोल जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरात, चांगले पाणी आहे; पण ते जमिनीखालून अतिशय मंद गतीने पूर्वेकडे सरकताना गाळातले क्षार विरघळवत जाते आणि वस्तीच्या भागात पोहोचेपर्यंत गुरेही तोंड लावणार नाहीत असे होते. पावसाचे म्हणशील, तर तो आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांपेक्षा कमी नाही. पॅराग्वे नदीकाठी वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर, मध्य चाकोत साधारण ८०० मिलिमीटर आणि बोलिव्हियाच्या सीमेजवळ ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो नोव्हेंबर ते मार्च या उन्हाळ्याच्या महिन्यांत, पारा चाळीस अंशांच्या वर असताना पडतो, आणि इथल्या उन्हावाऱ्याची पाणी उडवून नेण्याची ताकद पडणाऱ्या पावसाच्या जवळजवळ दुप्पट आहे. उत्तरेचा वारा सुटला की दिवसचे दिवस धुळीने आकाश पिवळट राहते. मग एखाद्या दुपारी दक्षिणेचा वारा येतो आणि काही तासांत अंगावर स्वेटर चढवावा लागतो. हिवाळ्यात कधी कधी हिमकण पडून चारा करपतो.

तेव्हा ‘पाण्याचा अभाव’ हे वर्णन ढोबळ आहे. पाणी आहे, पण ते वेळेच्या आणि जागेच्या दृष्टीने विखुरलेले आहे आणि ज्या जमिनीवर ते पडते तीच त्याला नासवते. माणसांची वस्ती कुठे झाली आणि कुठे झाली नाही, हे या विखुरण्यावरून कळते. त्यासाठी तुला पिल्कोमायो नदी समजून घ्यावी लागेल. बोलिव्हियाच्या उंच खाणप्रदेशातून उगम पावणारी ही नदी दरवर्षी दहा कोटी टनांहून अधिक गाळ खाली आणते. मैदानात आल्यावर तिचा वेग मंदावतो, गाळ पात्रातच बसतो, आणि नदी स्वतःचे पात्र बुजवून आजूबाजूच्या दलदलीत पसरून नाहीशी होते. विसाव्या शतकात तिचा हा शेवट नकाशावर सतत मागे, उगमाच्या दिशेने सरकत गेला. पाणी आपल्याकडे यावे म्हणून पॅराग्वे आणि अर्जेंटिना या दोन्ही देशांना कालवे काढावे लागले, आणि ते दरवर्षी उपसावे लागतात. २०१६ मध्ये पाणी पुरेसे पोहोचले नाही तेव्हा चिखलात अडकून मेलेल्या मगरींची आणि माशांची छायाचित्रे जगभर गेली होती.

अशा नद्या चाकोत पूर्वीही अनेकदा आल्या आणि बुजल्या. त्यांची जुनी पात्रे आज वाळूच्या लांबट पट्ट्यांच्या रूपाने शिल्लक आहेत. भोवताली काटेरी जंगल असताना या पट्ट्यांवर उंच गवत वाढते, त्यामुळे त्या जागा दुरूनच वेगळ्या दिसतात. स्थानिक लोक त्यांना ‘काम्पो’ म्हणतात. वाळूतून पावसाचे पाणी झटकन खाली मुरते आणि खोलवरच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन तरंगते, कारण गोडे पाणी हलके असते. माझे इथले बरेचसे काम या थराची जाडी मोजण्याचे आहे. विहिरीवर मोठा पंप बसवून भराभर उपसा केला की खालचे खारे पाणी शंकूसारखे वर चढते आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील हे सांगता येत नाही. म्हणून उथळ विहीर, थोडा उपसा आणि दोन उपशांमध्ये विसावा, हीच इथली शहाणी पद्धत आहे.

बाकीचे पाणी आकाशातून थेट घ्यावे लागते. इथल्या प्रत्येक जुन्या घराच्या छपराला पन्हळी आहेत आणि त्यांचे पाणी जमिनीखालच्या बंदिस्त हौदात जाते. पिण्यासाठी तेच वापरतात. गुरांसाठी चिकणमातीच्या जागी तळी खणतात. आपल्याकडच्या शेततळ्यासारखी, पण आकाराने पुष्कळ मोठी अशी ही तळी इथे ‘ताहामार’ म्हणून ओळखली जातात. तळ्यातले पाणी पवनचक्कीने उंचावरच्या गोल टाकीत चढवतात आणि तिथून ते उताराने गव्हाणींपर्यंत जाते. अलीकडच्या वर्षांत पॅराग्वे नदीवरच्या पुएर्तो कासादोपासून लोमा प्लातापर्यंत सुमारे २०० किलोमीटरची जलवाहिनी झाली. तिचे महत्त्व मोठे आहे. तरीही आभाळ भरून आले की जो तो आधी छपरावरची पाने झाडून पन्हळी मोकळ्या करतो.

आता ‘रिकामा’ या शब्दाकडे वळतो.

मी वर सांगितलेले गोड्या पाण्याचे काम्पो शोधून काढणारे पहिले लोक आम्ही जलतज्ज्ञ नव्हतो, आणि युरोपातून आलेले वसाहतकारही नव्हते. मध्य चाकोत एन्लेत लोक राहत होते, पिल्कोमायोच्या बाजूला निवाक्ले, उत्तरेच्या जंगलांत आयोरेओ, पॅराग्वे नदीच्या वरच्या अंगाला इशिर, पूर्वेकडे एन्क्षेत, सानापाना, आन्गाइते आणि आणखी कितीतरी समाज. चाकोत आजही पाच वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या भाषा बोलल्या जातात. ही माणसे एका जागी थांबत नसत, कारण एका जागचे पाणी वर्षभर पुरत नसे. पावसाळ्यात कोणते डबके किती आठवडे टिकते, अल्गारोबोच्या शेंगा कोणत्या महिन्यात पिकतात, मासे कधी चढतात, यावर त्यांचे फिरणे ठरलेले होते. पाणी पूर्ण आटले की जमिनीखालचा एक मोठा कंद खणून, किसून, पिळून त्यातले पाणी ते पीत; हे झाड पपईच्या कुळातले आहे. काटेरी कारागुआताच्या पानांच्या बेचक्यांत साठलेले पाणीही त्यांनी सोडले नाही, आणि त्याच पानांच्या तंतूंपासून आयोरेओ स्त्रिया अजूनही सुंदर पिशव्या विणतात. हे जीवन विरळ होते, कारण ही जमीन तेवढ्याच माणसांना तेवढ्याच रीतीने जगवू शकत होती. लोकसंख्येच्या घनतेचा आकडा कमी असणे आणि भूमी कोणाची नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाकोच्या गेल्या दीडशे वर्षांच्या दुःखाचा मोठा भाग त्या दोहोंची गल्लत करण्यातून आला आहे. तुझ्या वाक्यात ती पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठीच मी इतका आग्रह धरतो आहे.

१८६४ ते १८७० या काळात पॅराग्वेने ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्याशी लढून सर्वस्व गमावले. युद्धानंतर अर्जेंटिनाने चाकोवर हक्क सांगितला, तेव्हा वाद अमेरिकेचे अध्यक्ष रदरफर्ड हेज यांच्याकडे निवाड्यासाठी गेला आणि १८७८ मध्ये त्यांनी पॅराग्वेच्या बाजूने निकाल दिला. असुन्सियोनहून नदी ओलांडून चाकोत शिरताना लागणारे व्हिया हायेस हे गाव आणि त्याभोवतीचा प्रांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे कर्जात बुडालेल्या सरकारने १८८० च्या दशकात कायदे करून सरकारी जमिनी विकायला काढल्या. चाकोची लक्षावधी हेक्टर जमीन नकाशावर रेघा ओढून राजधानीत आणि परदेशांत विकली गेली. तिच्यावर राहणाऱ्या एन्लेत, एन्क्षेत आणि आन्गाइते लोकांना याची खबरही नव्हती. सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक होता अर्जेंटिनातला उद्योजक कार्लोस कासादो. त्याने नदीकाठी पुएर्तो कासादो वसवले आणि केब्राचो या अतिशय कठीण लाकडाच्या झाडापासून टॅनिन काढण्याचा कारखाना घातला. जगभरची कातडी कमावण्यासाठी हे टॅनिन जात असे. लाकूड आणण्यासाठी जंगलात सुमारे १४५ किलोमीटर लोहमार्ग टाकला गेला, आणि तोडीच्या कामावर बहुतांशी इथलेच मूळ रहिवासी राबले.

याच लोहमार्गाने पुढची वस्ती आली. १९२१ मध्ये पॅराग्वेने एक कायदा करून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना सैन्यसेवेतून कायमची सूट, स्वतःच्या शाळा आणि जर्मन भाषा वापरण्याची मुभा दिली. शस्त्र हाती न धरण्याच्या श्रद्धेमुळे हा समाज शतकानुशतके एका देशातून दुसऱ्या देशात जात राहिला आहे. कॅनडात त्यांच्या शाळांवर इंग्रजीची सक्ती झाली, तेव्हा तिथले सतराशेहून अधिक लोक १९२६-२७ मध्ये पुएर्तो कासादोला उतरले. ठरलेली जमीन मोजून तयार नव्हती. नदीकाठच्या तळावर ते वर्षाहून अधिक काळ अडकून पडले आणि शंभराहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ मुले, तापाने दगावली. उरलेल्यांपैकी काही परतले. बाकीच्यांनी बैलगाड्यांनी आत जाऊन मेन्नो ही वसाहत वसवली. तिचे केंद्र म्हणजे आजचे लोमा प्लाता. १९३० मध्ये सोव्हिएत रशियातून जर्मनीमार्गे निसटलेल्या निर्वासितांनी फर्नहाइम वसाहत आणि हे फिलादेल्फिया गाव वसवले. दुष्काळ आणि टोळधाड सोसवेना, म्हणून १९३७ मध्ये त्यांच्यातली अनेक कुटुंबे पूर्व पॅराग्वेत निघून गेली. १९४७ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून वाचलेल्यांची नॉयलांट वसाहत आली. तिच्यातल्या एका गावात बहुतेक घरांत कर्ता पुरुषच नव्हता. युद्धात आणि सायबेरियात नाहीसे झालेल्या पुरुषांच्या बायकांनी स्वतः झाडे तोडली, विटा थापल्या आणि विहिरी खणल्या. त्या बायकांविषयी वाचताना माझे मन दर वेळी भरून येते.

या सगळ्यांनी घरे बांधली ती काम्पोंवरच, कारण गोडे पाणी तिथेच होते, आणि काम्पोंवर एन्लेत लोकांच्या जुन्या वस्त्या होत्या. नव्या लोकांनी पाणी कुठे आहे हे त्यांनाच विचारले, आणि त्यांनी ते दाखवले. काही वर्षांतच आपल्याच पाण्याजवळ मजूर म्हणून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. मेनोनाइटांनी सोसलेले खरे आहे आणि एन्लेतांनी गमावलेलेही खरे आहे. तू लिहिताना एकाचे सांगण्यासाठी दुसऱ्याचे झाकू नकोस.

याच वर्षांत चाकोवर युद्ध कोसळले. चिलीशी झालेल्या युद्धात समुद्रकिनारा गमावलेल्या बोलिव्हियाला पॅराग्वे नदीवाटे अटलांटिकपर्यंत वाट हवी होती, आणि चाकोच्या पोटात तेल असावे अशी आशाही होती. पॅराग्वेच्या सेवेत असलेल्या इव्हान बेलायेफ या रशियन सेनानीने इशिर वाटाड्यांच्या मदतीने १९३१ मध्ये उत्तरेच्या जंगलातले पितियांतुता हे तळे गाठले. त्या भागात बारमाही पाण्याचे ते दुर्मीळ ठिकाण होते, आणि जून १९३२ मध्ये त्याच्या काठावरच पहिली चकमक झडली. सप्टेंबरमध्ये बोकेरोनच्या ठाण्याला वेढा पडला आणि तीन आठवड्यांच्या लढाईनंतर ते पॅराग्वेच्या हाती आले. तीन वर्षांच्या या युद्धात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे एक लाख सैनिक मेले, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला गोळीने नव्हे, तहानेने आणि रोगाने मारले. डिसेंबर १९३४ मध्ये कर्नल एउहेनियो गाराय यांच्या तुकडीने निर्जल जंगलातून कूच करून इरेंदागुएच्या विहिरी ताब्यात घेतल्या. त्या विहिरींवर अवलंबून असलेले बोलिव्हियाचे हजारो सैनिक त्यानंतर पाण्याच्या शोधात पांगले आणि वाटेतच पडले. जून १९३५ मध्ये तोफा थांबल्या आणि जुलै १९३८ मध्ये ब्युनोस आयर्सला तह झाला. ज्या भूमीला दोन्ही सरकारे रिकामी म्हणत होती, तिच्यातल्या लोकांवर मात्र सैन्याबरोबर आलेली देवीची साथ पसरली आणि एन्लेत लोकांची गावेच्या गावे बसली. त्यांची गणती कोणत्याही सैन्याच्या हानीत झालेली नाही.

आजच्या चाकोचे वर्णन तुझ्या मसुद्यात चांगले आहे, फक्त ते जरा एकरंगी झाले आहे. असुन्सियोनहून सुमारे ४५० किलोमीटरच्या महामार्गाने इथे येताना पहिला अर्धा भाग ओला असतो: पाणथळ गवताळ रान, करान्दायचे ताड, उंच पांढरे करकोचे. मग पाऊस घटत जातो, ताड संपतात आणि काटेरी जंगल सुरू होते. त्यात केब्राचो, सुगंधी पालो सांतो आणि पोट फुगलेल्या बुंध्याचा सामुऊ असतो; हा सामुऊ आपल्या काटेसावरीच्या जवळच्या नात्यातला आहे आणि बुंध्यात पाणी साठवून ठेवतो. याच जंगलात ताग्वा हा रानडुकरासारखा प्राणी राहतो. शास्त्रज्ञांना तो १९३० मध्ये केवळ जीवाश्मांवरून ठाऊक झाला होता आणि नष्ट झाला असे सर्वजण मानत होते. १९७० च्या दशकात तो जिवंत असल्याचे त्यांनी जगाला सांगितले. इथले शिकारी त्याला पिढ्यानपिढ्या ओळखत होते.

फिलादेल्फियात आज सहकारी संस्थेची मोठी बाजारपेठ आहे, दुग्धशाळा आहे, रुग्णालय आणि वस्तुसंग्रहालय आहे. देशात विकल्या जाणाऱ्या दुधाचा मोठा हिस्सा या तीन वसाहतींतून जातो, हे असुन्सियोनमधल्या पुष्कळांनाही खरे वाटत नाही. दुकानात रांगेत उभे राहिले की जुनी जर्मन बोली, स्पॅनिश, ग्वारानी आणि निवाक्ले या चारही भाषा कानांवर पडतात. दुपारी उन्हाच्या वेळी सगळे व्यवहार थांबतात आणि शिंगाच्या पेल्यात थंडगार तेरेरे फिरते. येर्बा माते नावाच्या झाडाच्या पानांचे हे पेय एकाच नळीने आळीपाळीने प्यायचे असते, आणि २०२० मध्ये युनेस्कोने त्याची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. शेतांत भुईमूग आणि तीळ दिसतात. भुईमुगाचे मूळ दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या याच परिसरातले, हे तुला माहीत असेलच. उलट इथली सगळी गोपालनाची समृद्धी उभी आहे ती बाहेरून आणलेल्या गवतांवर, आणि त्यांतले एक म्हणजे आपल्या माळरानांवरचे अंजन गवत. १९५० च्या दशकात ते इथे रुजले आणि जिथे गुरे हाडांची काडे होत होती तिथे कुरणे झाली. गावापासून दूर, मोठ्या पशुपालन केंद्रांवर मात्र अजूनही एखादे कुटुंब आणि चार-दोन गुराखी यांच्याखेरीज कोणी नसते. जोराचा पाऊस झाला की कच्चे रस्ते चिखलात रुतू नयेत म्हणून अडसर घालून बंद करतात, आणि ते वाळेपर्यंत आतल्या माणसांनी आतच राहायचे.

याच कुरणांपाशी माझी सर्वांत मोठी चिंता आहे, आणि तुझ्या प्रबंधात तिला स्वतंत्र प्रकरण मिळावे असे मला वाटते. ॲमेझॉननंतर दक्षिण अमेरिकेतले सर्वांत मोठे जंगल म्हणजे हा विशाल चाको. २००४ मध्ये पॅराग्वेने जंगलतोडीवर बंदी घालणारा कायदा केला, पण तो फक्त देशाच्या पूर्व भागाला लागू आहे. चाकोत मालकाने आपल्या जमिनीवरचे २५ टक्के जंगल राखायचे आणि कुरणांमध्ये झाडांचे पट्टे सोडायचे, एवढीच अट आहे. बाकीचे जंगल साखळदंड ओढणाऱ्या यंत्रांनी झपाट्याने साफ होत गेले. यातला भूजलाचा भाग फारसा कोणी सांगत नाही. काटेरी जंगलाची मुळे खोल असतात आणि पडलेला जवळजवळ सगळा पाऊस ती शोषून घेतात. त्यामुळे खालचे खारे पाणी खालीच राहते. जंगल काढून गवत लावले की पावसाचा काही भाग मुळांच्या खाली झिरपतो, खाऱ्या पाण्याची पातळी वर्षागणिक वर येते, आणि ती पृष्ठभागापासून दोन-एक मीटरवर पोहोचली की मातीच्या केशाकर्षणाने क्षार वर चढून जमिनीवर पांढरे चट्टे उमटतात. तिथे मग अंजनही उगवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात हे घडून गेले आहे. अधिक पाणी मुरले म्हणजे भले झाले, असे आपण पाणलोटाच्या कामात शिकलो. इथे मुरलेले जास्तीचे पाणीच जमीन मारू शकते. जंगल राखणे हा इथे थेट पाण्याचाच प्रश्न आहे.

तो माणसांचाही आहे. आयोरेओंपैकी तोतोबिएगोसोदे गटाचे काही लोक अजून बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता या जंगलात राहतात. ॲमेझॉनबाहेर अमेरिका खंडांत असे दुसरे कोणी उरलेले नाही. त्यांच्यातला एक गट २००४ मध्ये बाहेर आला तो हौसेने नव्हे. बुलडोझर त्यांच्या पाण्यापर्यंत पोहोचले होते. एन्क्षेत आणि सानापाना लोकांनी दुसरी वाट धरली. याक्ये आक्सा, सावोयामाक्सा आणि क्षाक्मोक कासेक या तीन समाजांनी आपल्या जमिनींसाठी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि २००५, २००६ व २०१० मध्ये तिन्ही निकाल त्यांच्या बाजूने लागले. सावोयामाक्साची कुटुंबे वर्षानुवर्षे महामार्गाच्या कडेला, तारेच्या कुंपणाबाहेर राहत होती. २०१४ मध्ये त्यांची जमीन परत देण्याचा कायदा झाला. त्या निकालपत्रांत न्यायालयाने पिण्याच्या पाण्याचाही विचार केलेला आहे. ती तू मुळातून वाच. ‘रिकाम्या’ प्रदेशातल्या माणसांनी न्यायालयात कोणते पुरावे दिले, कोणत्या तळ्यांची आणि दफनभूमींची नावे सांगितली, हे तुझ्या पहिल्या प्रकरणाला फार उपयोगी पडेल.

तुझे ते वाक्य मी बदलून देत नाही. ते तूच लिही. एवढे मात्र कर, की लोकसंख्येच्या घनतेच्या नकाशाशेजारी गोड्या पाण्याचा नकाशा ठेव आणि तिसऱ्या नकाशात जमिनीची मालकी दाखव. तिन्ही एकाच मापात काढलेस तर निम्मे प्रकरण आपोआप लिहून होईल. दुय्यम साधनांवर भागवू नकोस. इथे ये, आणि मे ते ऑगस्टच्या दरम्यान ये, कारण त्या दिवसांत हवा सुसह्य असते, रस्ते कोरडे असतात आणि विहिरींची पातळी मोजण्यासारखी स्थिर असते. स्पॅनिशचा अभ्यास चालू ठेव. ग्वारानीचे जुजबी शब्द आलेले असले तर माणसे लवकर मोकळी होतात. एन्लेत वस्तीत जायचे असेल, तर आधी त्यांच्या पुढाऱ्यांना कळवून परवानगी घ्यावी लागते, आणि ते काम मी आत्तापासून सुरू करतो. फिलादेल्फियाच्या परिसरातल्या विहिरींतली क्षारता आणि पातळी यांचे तक्ते मी नीट लावून पुढच्या पत्रासोबत पाठवीन. त्यातल्या काम्पोवरच्या आणि काम्पोबाहेरच्या विहिरी तू स्वतंत्र रंगांनी नकाशावर दाखव.

आईला सांग, की माझी प्रकृती उत्तम आहे. तू अभ्यास कर, पण रात्री जागू नकोस.

तुझे,
बाबा